क्लच-पेडल यंत्रणा, जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील

क्लच-पेडल यंत्रणा : चालकाच्या पायाचा दाब क्लचपर्यंत पोहोचवून इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तात्पुरता तोडणारी जुळणी. जुन्या गाडीचा गिअर कुरकुरला की ‘क्लच प्लेट गेली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण पुष्कळदा दोष प्लेटच्या बराच अलीकडे, पेडलपाशीच असतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी ही यंत्रणा तपासणे अगत्याचे ठरते.

रचना : ब्रिटिश एमजी गाड्यांत या यंत्रणेची दोन्ही रूपे दिसतात. टी-मालिकेत (१९३६–५५) पेडलचा जोर मुख्यतः दांडे, तरफा किंवा वायर यांच्या मार्फत जाई. १९५५ च्या एमजीएमध्ये हे काम द्रवाच्या दाबावर होऊ लागले. १९६२ ते १९८० या काळात निघालेल्या एमजीबीत पेडल मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते, त्यातले ब्रेक ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे जाते आणि तेथील दांडी क्लचचा फोर्क हलवते. मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच असल्याने जोर सुमारे पावणेतीन पट वाढतो, सरक मात्र तेवढ्याच पटीने घटते. एमजीएचे इंजिन बीएमसीच्या बी-मालिकेतले. ॲम्बॅसॅडरचे १,४८९ घनसेंमी इंजिनही त्याच घराण्यातले. ॲम्बॅसॅडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला ही गाडी परकी वाटत नाही, ती यामुळेच.

तपासणी : एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने गाडीखाली स्लेव्हची दांडी किती सरकते ते पट्टीने मोजावे. एमजीबीत ती साधारण अर्धा इंच (१२–१३ मिमी) सरकायला हवी. तेवढी सरकूनही रिव्हर्स कुरकुरत असेल, तर दोष क्लचच्या आत शोधावा. कमी सरकत असेल, तर पेडल व मास्टर सिलिंडरची दांडी जोडणारी पिन आधी बाहेर काढून पाहावी. वर्षानुवर्षांच्या घासणीने तिच्या अंगावर खाच पडते आणि पेडलचे भोक लांबट होते. वरचा तेवढा प्रवास फुकट जातो. नवी पिन स्वस्तात मिळते. भोक मात्र भरून पुन्हा पाडावे लागते.

पिन ठीक असेल, तर नळीतली हवा आणि सिलिंडरची रबरे यांकडे वळावे. पेडल हळूहळू तळाला बसते, पण बाहेर तेल गळत नाही, अशा वेळी मास्टरचे आतले रबर संशयित असते. हवा काढताना स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलात बुडवतात. पेडल सावकाश दाबून, निपल बंद झाल्यावरच सोडतात.

खानदेशातील काळजी : जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते. डॉट-४ प्रतीचे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. कोरडे असताना किमान २३० अंशांचा त्याचा उत्कलनबिंदू पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. क्लचला त्याहून मोठा धोका गंजाचा. बंद उभ्या गाडीत सिलिंडरच्या आत खड्डे पडतात आणि नवे रबर घातले तरी तेल झिरपत राहते. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरल्यावर, तेल बदलावे. खनिज तेल चुकूनही घालू नये, रबरे फुगतात. डॉट-४ रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. काळ्या मातीची धूळ वंगणात मिसळून पिना घासते, म्हणून जुने वंगण पुसूनच नवे लावावे.

धुळ्याहून लळिंग घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात चढताना अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याचा मोह टाळावा. एमजीबीचे रिलीज बेअरिंग गोळ्यांचे नसून कार्बनचे कडे असते. पेडल दाबलेले असेपर्यंत ते फिरत्या भागावर घासते, आणि बदलायचे तर इंजिन उतरवावे लागते.

कायद्याची बाजू : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठे फेरबदल न झालेले खासगी वाहन ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. पिना, रबरे व नळ्या मूळ मापाच्याच बसवण्यास त्यामुळे आणखी एक कारण मिळाले आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, म्हणून बंद काळातही पंधरवड्याला काही वेळा पेडल पूर्ण दाबून सोडावे, म्हणजे रबरे एका जागी चिकटत नाहीत.