ऑपरेशन लहान, पण काट्यावर तीन किलो जास्त. डिस्चार्जनंतर वजन का बदलतं?

आचोळे, वार्ताहर : हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, पित्ताशयातला खडा, कुटुंब नियोजन. अशी ऑपरेशनं आता आपल्याकडे घराघरात होतात. माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि आठवड्याने काट्यावर उभा राहिला की घाबरतो. कुणाचं वजन तीन किलोने वाढलेलं, तर कुणाचं कपडे सैल होण्याइतकं उतरलेलं. मग शेजारीपाजारी आपापला अंदाज सांगतात. यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं.

हिशोब सोपा आहे. एक लिटर सलाईन म्हणजे अंगात एक किलो वजन. ऑपरेशनच्या दिवशी दोन-तीन बाटल्या सहज जातात. नेहमीच्या नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. त्यात ऑपरेशनचा ताण आला की शरीर स्वतःहून पाणी आणि मीठ धरून ठेवतं, लघवी कमी होते. दोन-चार दिवसांनी हा ताण ओसरतो, लघवी मोकळी होते आणि वजन आपोआप खाली येतं.

चरबी इतक्या लवकर वाढत नाही. एक किलो चरबीसाठी साधारण ७,७०० कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. तीन किलोला २३,००० झाल्या. पडून राहिलेला पेशंट तीन दिवसांत एवढं खाऊच शकत नाही.

दुसरं कारण पोट साफ न होणं. दुखणं कमी करायच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, हालचालही नसते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने काही दिवस पोट फुगल्यासारखं वाटतं, खांदाही दुखतो. वायूला वजन नसल्यासारखंच, पण लेंगा घट्ट होतो आणि माणूस म्हणतो जाड झालो.

काटा कुठला, हेही बघा. दवाखान्यातला वेगळा, किराणा दुकानातला वेगळा, स्टेशनवरचा तर देवाच्या भरवशावर. ऑपरेशनच्या आधी केसपेपरवर लिहिलेलं वजन शोधा. मग एकाच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी बघा. आठवड्यातून दोनदा पुरे. मात्र ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी रोज बघावं.

आता वजन उतरतं त्याची गोष्ट. जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात. ती खाण्यातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं. म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या आठ-दहा दिवस अंथरुणात राहून बारीक होतात त्या यामुळेही. आणि आपल्याकडे नेमकं त्याच वेळी पथ्य सुरू होतं. अंडं नको, डाळ नको, मासळी तर नावच काढू नको, जखम पिकेल म्हणतात! जखम पिकते ती जंतूंमुळे, अंडं-डाळीमुळे नाही. डॉक्टरने खायला मोकळीक दिली असेल तर नुसत्या पेजेवर माणसाला ठेवणं नुकसानीचं आहे.

बरं होताना दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम ताज्या मासळीत १८-२० ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढंच. सुकी मासळी, पापड, लोणचं यांत मीठ फार, सूज असेल तर ते बाजूला ठेवा. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरलाच विचारावं.

बरं होण्याला वेळ लागतो. महात्मा गांधींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ रोजी कर्नल मॅडॉक यांनी केलं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना तुरुंगवासातून सोडलं, तरी पुढे कित्येक आठवडे ते आपल्या जवळच्याच जुहूला विश्रांतीसाठी राहिले. आज दुर्बिणीमुळे दिवस कमी झाले आहेत. तरी चौथ्या दिवशी भाताची पोती उचलायला जाणारे आहेतच.

महिना-दीड महिन्यानंतर वाढलेलं वजन मात्र खरंखुरं असू शकतं. हर्नियावाल्याला ओझं उचलायची मनाई, शेतावर जाणं बंद आणि घरात शिरा, तूप, लाडू चालू. खडा काढलेल्याला आधी दुखण्याच्या भीतीने खाता येत नव्हतं, आता तो मोकळा सुटतो. डॉक्टर परवानगी देतील तसं रोज चालणं वाढवायचं, एवढाच उपाय.

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनने बाई सुटते, ही समजूत गावोगाव आहे. त्यात फक्त बीजवाहिन्या बंद करतात. अंडाशयं जागेवर असतात आणि हार्मोन पूर्वीसारखेच तयार होतात. वजन वाढतं ते बहुतेक वेळा बाळंतपणानंतरच्या खाण्याने, कमी झोपेने, वयाने. पुरुष नसबंदीने अशक्तपणा येतो हेही तसंच, खोटं. पण बाईला दोष आणि पुरुषाला सूट असा हा जुनाच कारभार.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ, दोन्ही पायांवर सूज, आडवं झाल्यावर धाप लागणं हे हृदय किंवा किडनीचं लक्षण असू शकतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, ती चोळायची नाही. त्यासोबत अचानक छातीत दुखलं, दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तरी दवाखाना गाठा.

वजन महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ५० किलोमागे अडीच किलो, तर तपासणी हवीच. सोबत ताप आणि जखमेतून पू असेल तर जंतुसंसर्ग, खूप तहान आणि लघवी असेल तर शुगर, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबी बघावा लागतो. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वजनाची तारीखवार नोंद बरोबर न्या.