शासकीय संकेतस्थळे : घरच्या कागदांपासून गावच्या इतिहासापर्यंत



सातबारा, वारसनोंद, जन्मदाखला किंवा वडिलांनी ठेवलेल्या मुदतठेवीची पावती, यांपैकी एखादा कागद वेळेवर न सापडल्याने झालेला मनस्ताप बहुतेक कुटुंबांनी अनुभवलेला असतो. अशा वेळी आपण मध्यस्थ शोधतो आणि त्याला शेकडो रुपये मोजतो. त्याने आणून दिलेली माहिती पुष्कळदा शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असते. ती पाहण्याचा आपल्याला अधिकारही आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार, नागरिकांना अर्ज करावाच लागू नये इतकी माहिती सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. म्हणूनच आमच्या वाचकांना नित्य उपयोगी पडतील अशा काही संकेतस्थळांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. काही कुतूहलाच्या गोष्टीही शेवटी दिल्या आहेत.

खरे संकेतस्थळ कसे ओळखावे?

शासकीय संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपतो. रिझर्व्ह बँकेसारख्या काही संस्था यास अपवाद आहेत. त्यांचे पत्ते त्यांच्या मुख्य संकेतस्थळावरूनच घ्यावेत. शोधयंत्रात प्रथम दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो. कोणतेही शासकीय कार्यालय दूरध्वनीवरून ओटीपी मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

जमीन व वारसनोंद

‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर गाव निवडून गट क्रमांक किंवा खातेदाराच्या नावावरून सातबारा, ८ अ व मिळकत पत्रिका विनामूल्य पाहता येतात. ही प्रत केवळ माहितीसाठी असते. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा घ्यावा लागतो. सातबाऱ्यासाठी त्याचे शुल्क १५ रुपये आहे. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, या दोहोंच्या जोडणीतून ‘सातबारा’ हे नाव आले, हे अनेकांना ठाऊक नसते. गोव्यातील वाचकांसाठी याच स्वरूपाचा उतारा ‘नमुना १ व १४’ या नावाने तेथील भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो.

याहून महत्त्वाचे, पण फारसे पाहिले न जाणारे पान म्हणजे ‘आपली चावडी’. पूर्वी तलाठी चावडीवर जी फेरफाराची नोटीस लावत असे, ती येथे गावनिहाय दिसते. हरकत घेण्याची मुदत साधारणपणे १५ दिवसांची असते. नोकरीनिमित्त आखातात किंवा अन्यत्र राहणाऱ्यांना आपल्या जमिनीवर कोणती नोंद होऊ घातली आहे, हे तेथूनही कळू शकते. नोटीस वेळेत न पाहिल्याने पुढे अनेक वर्षे दावे लढणारी कुटुंबे आपल्या परिसरात कमी नाहीत.

वडिलांच्या निधनानंतर वारसाहक्क प्राप्त झाल्याची वर्दी ३ महिन्यांच्या आत द्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. ‘ई-हक्क’ प्रणालीतून हा अर्ज घरबसल्या करता येतो. तरीही कित्येक घरांत आजोबांचेच नाव सातबाऱ्यावर राहते आणि तिसऱ्या पिढीत वारसांची संख्या इतकी वाढते की सर्वांच्या सह्या मिळणे दुरापास्त होते.

येथे ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळाचा उल्लेख आवश्यक आहे. केंद्राचे सर्व प्रचलित कायदे तेथे विनामूल्य वाचता येतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ पाहावा. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग विधवेला आणि उरलेला दोन तृतीयांश भाग मुलगे व मुली यांना समसमान मिळतो, असे कलम ३३ व ३७ यांवरून दिसून येते. विवाहित मुलगी यातून वगळलेली नाही. ‘बहिणीचे लग्न झाले, तिचा हक्क संपला’ असे समजून तिचे नाव वारसनोंदीतून गाळणाऱ्यांनी ही कलमे अवश्य वाचावीत. गोव्यात मात्र उत्तराधिकाराचा स्वतंत्र कायदा लागू आहे.

विस्मृतीत गेलेल्या ठेवी

बँकेतील ज्या खात्यावर १० वर्षे व्यवहार झालेला नाही, त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तरीही ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क नष्ट होत नाही. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. खातेदाराचे नाव आणि जन्मतारीख, पॅन किंवा मतदार ओळखपत्र यांसारखा एक तपशील दिल्यास निरनिराळ्या बँकांत एकाच वेळी शोध घेता येतो. रक्कम मात्र संबंधित बँकेत अर्ज करूनच मिळते. जुने समभाग व ७ वर्षे न घेतलेला लाभांश यांचा शोध केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीच्या संकेतस्थळावर घ्यावा.

नाव व जन्मदाखला

आपल्या समाजात एकच आडनाव बाप्तिस्मा नोंदवहीत एका प्रकारे, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे आणि आधारपत्रावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले आढळते. पारपत्र काढताना ही तफावत अडथळा ठरते. नावातील बदल राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करण्यासाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो.

पालकांनी आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ साली झालेल्या सुधारणेनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी इत्यादी प्रयोजनांकरिता जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य आहे. बाप्तिस्म्याचा दाखला धार्मिक प्रयोजनांसाठी आवश्यक आहेच. परंतु तो जन्मनोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

पाऊस आणि समुद्र

भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय इशारे रंगांनी दर्शवलेले असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा. ‘मुसळधार’ हा शब्दही तेथे मोजून वापरला जातो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस, अशी वर्गवारी आहे. मच्छीमार बांधवांसाठी हैदराबाद येथील ‘इनकॉईस’ ही केंद्रीय संस्था लाटा, भरती-ओहोटी व वारा यांचे अंदाज देते. उपग्रहाने टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हेही ती कळवते.

कुतूहलाचा खजिना

महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुने गॅझेटिअर ग्रंथ वाचकांना खुले केले आहेत. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत लोकवस्ती, शेती, व्यापार, मजुरी, धान्याचे भाव आणि वसईसह अनेक गावांची वर्णने आहेत. ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि त्यांचा दृष्टिकोन राज्यकर्त्यांचा आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) मराठीला वाहिलेला असून तोही आता आंतरजालावर वाचता येतो. ठाणे जिल्ह्यातील कोळी, किरिस्ताव, वाडवळ, सामवेदी या बोलींची दखल त्यात घेतलेली आहे. या सर्वेक्षणात बोलींची परस्पर तुलना करता यावी म्हणून नमुना उतारा म्हणून कोणता मजकूर निवडला होता? संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला! भारतातील शेकडो बोलींत तो दाखला त्या काळी लिहून घेतला गेला.

२०११ च्या जनगणनेचे तक्तेही असेच वाचनीय आहेत. मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी, असे त्यांवरून दिसते. मराठी विश्वकोशाचे खंड तर विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या ग्रंथालयच होत.

मर्यादा आणि पुढची पायरी

संकेतस्थळावरील नोंद अंतिम सत्य नव्हे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो खरा मानला जातो, परंतु मालकीचा वाद न्यायालयातच सुटतो. नोंद चुकीची आढळल्यास प्रथम संबंधित कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास १० रुपये शुल्क भरून माहितीचा अर्ज करावा. त्यास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करता येते.

प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा तरी सातबारा, ‘आपली चावडी’, मतदारयादीतील नाव व ‘उद्गम’ ही चार पाने एकत्र बसून पाहावीत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. घरातील वडीलधारी माणसे हयात असतानाच हे करावे, कारण जुना गट क्रमांक कोणता आणि कोणत्या बँकेत खाते होते, हे त्यांनाच ठाऊक असते. ज्या वृद्धांना संगणक हाताळता येत नाही, त्यांच्यासाठी धर्मग्रामातील तरुणांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर मदतीस बसावे. मात्र कोणाचाही आधार क्रमांक किंवा ओटीपी स्वतःजवळ ठेवू नये. छापील प्रत त्यांच्या हाती द्यावी आणि ती नीट वाचूनही दाखवावी.