संशोधकाला दिलेली मुदत

अचलपूर-परतवाड्याच्या शिवारात संत्र्याची बाग लावणाऱ्या माणसाला, ‘तिसऱ्या वर्षी फळ दाखव, नाहीतर विहिरीचे पाणी तोडतो’ असे कोणी म्हणत नाही. कलम लावल्यापासून बहार हाती यायला पाच-सहा वर्षे लागतात, हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. वैद्यकीय संशोधन करणाऱ्याला मात्र आपल्याकडे बहुधा तीन वर्षांचा मक्ता मिळतो. अमुक प्रश्न, अमुक खर्च, अमुक तारखेला अहवाल! मधेच प्रश्नाने वेगळी वाट दाखवली, तर त्या वाटेने जाण्याची त्याला मोकळीक नसते. पैसा प्रकल्पाला द्यावा की माणसाला, या प्रश्नाचा आपल्या इतिहासात काय दाखला मिळतो, तेवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

आरंभ रोनाल्ड रॉसपासून करू. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात त्याला हिवतापाचे जंतू दिसले. अशा माणसाला सरकारने प्रयोगशाळा बांधून द्यावयास हवी होती. पण रॉस पडला लष्करी वैद्यकीय नोकरीतला अधिकारी. थोड्याच आठवड्यांत त्याची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली, आणि तेथे हिवताप जवळजवळ नव्हताच. विलायतेहून पॅट्रिक मॅन्सनने खटपट केली, तेव्हा कुठे १८९८ मध्ये कलकत्त्यास त्याला खास कामगिरी मिळाली. तेथे त्याने पक्ष्यांच्या हिवतापावरून डासांचा मार्ग सिद्ध केला. शोध लागला खरा. पण तो यंत्रणेच्या रीतीमुळे लागला नाही, एका माणसाच्या भिडेमुळे लागला.

हाफकिनची कथा याहून कडू आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्याने लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनला दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेतल्या लशीचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. रॉसनेही त्याच्या बाजूने लिहिले होते. पुढे तो कलकत्त्यास परतला, पण आपले काम पूर्वीसारखे चालविण्याची मुभा त्याला मिळाली नाही. १९१४ मध्ये तो निवृत्त झाला, आणि १९२५ मध्ये मुंबईच्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले. संस्थेला नाव देणे सोपे. माणूस अडचणीत असता त्याच्यामागे उभे राहणे अवघड.

१९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली. तीच १९४९ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद झाली. तिने पुष्कळ केले, यात वाद नाही. पण व्यक्तीला पैसा देण्याचा वेगळा विचार खासगी दानातून आला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी टाटांनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास केला. उत्पन्नाचे चार हिस्से कोणत्याही देशातल्या, या रोगावर काम करणाऱ्या संशोधकांना, आणि पाचवा हिस्सा भारतातल्या संशोधनाला. पत्नीच्या मरणाचे दुःख असलेल्या माणसाने आपल्या देशाची सीमाही आड येऊ दिली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता मुख्य कथेकडे येऊ. डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून आले. धोतराच्या काचणीने कमरेवर होणारा कर्करोग, तंबाखूच्या सवयींमुळे होणारे कर्करोग यांवरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे ते संचालक झाले. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झालेल्या कमल रणदिवे या मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या. सीताफळाच्या कुळातील झाडांच्या गुणसूत्रांवर त्यांनी एम.एस्सी. केले होते. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या शिकल्या, आणि परत येऊन मुंबईत त्यांनी त्या विद्येची प्रयोगशाळा उभी केली. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास कोणत्या प्रकल्पाच्या अर्जात बसला असता?

आणि प्रवास तेथेही थांबला नाही. खानोलकरांना कुष्ठरोगाचाही ध्यास होता. त्याचा जंतू हॅन्सेनने नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिला. पण काचपात्रात तो निर्विवादपणे आजवर कोणालाही वाढविता आलेला नाही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींतून एक जंतू वाढविला आणि १९५८ मध्ये तो जाहीर केला. कर्करोगाच्या केंद्रात कुष्ठरोगाचा जंतू! एखाद्या हिशेबनिसाने त्यावर लाल शाईने शेरा मारला असता, तर त्याला दोष देता आला नसता. हा कुष्ठरोगाचाच जंतू नव्हे, त्याचा एक दूरचा भाईबंद, असे पुढे ठरले. तरीही त्यापासून डॉ. मधुकर नव्हे, डॉ. माधव देव यांनी (नावात लोक नेहमी चुकतात) लस सिद्ध केली. दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर तुलना झाली, तिचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला. या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, बी.सी.जी.ने सुमारे ३४ टक्के. जंतू ते निष्कर्ष, चाळीस वर्षे! ही लस सार्वत्रिक झाली नाही, कारण १९८२ पासून अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने रोगाची पकड सैल केली होती, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात किंवा अमरावतीच्या तपोवनात ज्यांनी रोगी पाहिले आहेत, त्यांना चाळीस वर्षांचा हा पाठलाग फुकट गेला असे वाटणार नाही.

१९६३ मध्ये सरकारने खानोलकरांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. हे पद व्यक्तीला मिळते, प्रकल्पाला नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनाही ते मिळाले होते. पण ते कीर्तीच्या शिखरावर, उतारवयात मिळते. पस्तिशीच्या संशोधकाला अशी मुदत कोण देतो?

यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. इनाम कर्तबगारीबद्दल दिले जाते आणि पुढे त्याचे वतन होते, वतनदार आळसावतो. वऱ्हाडात हे कोणाला समजावून सांगावयास नको. म्हणून मुदत लांब असावी, पण तिला शेवट असावा. अमेरिकेतील हॉवर्ड ह्यूजेस संस्था संशोधकाला काही वर्षांसाठी निवडते आणि त्यानंतर कसून परीक्षा घेते. या पद्धतीची नेहमीच्या सरकारी अनुदानाशी तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. माणूस निवडून दिलेल्या पैशातून गाजलेले निबंध अधिक निघाले, आणि फसलेलेही अधिक. फसण्याची तयारी नसेल तर ही रीत पत्करू नये. आपल्या देशात २००८ पासून भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम न्यास मिळून संशोधकांना पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्त्या देऊ लागले, ते याच वाटेवरचे पाऊल होय.

मात्र हे सारे मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत. तालुक्याच्या डॉक्टराचे काय? नागपुरास शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, विंचूदंशाने दगावणारी मुले पाहिली, वर्षानुवर्षे टिपणे ठेवली, आणि प्राझोसिन हे औषध त्यावर चालते हे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. २०११ मध्येही ते विंचवावरच लिहीत होते. त्यांना मुदत कोणी दिली नाही, ती त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून काढली. असा माणूस दर तालुक्याला निपजेल या भरवशावर धोरण आखता येत नाही.

अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मेळघाटातून रोगी येतात. तेथल्या एखाद्या तरुण डॉक्टराला एक प्रश्न सतावू लागला, तर त्याला काय लागेल? आठवड्यातून दोन दिवस मोकळे, त्या दिवसांसाठी बदली डॉक्टराचा पगार, एक मदतनीस, तपासण्यांचा खर्च, मेळघाटात जाण्यायेण्याचे भाडे. पाच वर्षे त्याची बदली होऊ नये. वर्षाला एक पानाचे टिपण, आणि पाचव्या वर्षी तीन जाणत्यांपुढे दोन तासांची उलटतपासणी. प्रश्न मधे बदलला तर त्याने पत्र लिहून कळवावे, परवानगी मागू नये.