घराची ऊब : चूल ते हमाम

मानवाने अग्नी घरात आणला, तेव्हा उबेबरोबर धूरही आला. गृहतापनाचा पुढील इतिहास मुख्यतः या दोहोंच्या फारकतीचा आहे. रोमन लोक विटांच्या ठेंगण्या खांबांवर फरशी उचलून तिच्याखालून भट्टीची उष्ण हवा खेळवीत. धूर भिंतींतील नळ्यांवाटे बाहेर जाई. जॉर्डनमधील कुसैर अम्रा येथील उमय्यदकालीन (८ वे शतक) हमामात हीच रचना आढळते. काश्मीरमधील मशिदींच्या हमामांतही दगडी फरशीखाली लाकडे जाळतात. युरोपात १९ व्या शतकात बाष्प व गरम पाण्याच्या नळ्यांमुळे अग्नी तळघरात गेला. तथापि बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीचा गंधहीन कार्बन मोनॉक्साइड आजही झोपेतच जीव घेतो. ऊब आत आणि धूर बाहेर, हे जुन्या कारागिरांचे सूत्र म्हणूनच विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.