उधारीवरचे बक्षीस : दामदुपटापासून रिवॉर्ड पॉइंटपर्यंत

१/ सांगली आणि मिरज यांच्या मधले विश्रामबाग शंभर वर्षांहून अधिक काळ विद्यार्थ्यांचे ठिकाण आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली येथे विलिंग्डन महाविद्यालय काढले. १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे त्याला वालचंद हे नाव मिळाले. तेव्हापासून परगावची मुले येथे खोली घेऊन राहत आली आहेत. खोली घेऊन राहणे म्हणजे महिन्याचा हिशेब प्रथमच स्वतःच्या अंगावर येणे.

२/ या हिशेबातले जुने खाते खानावळीचे. जेवणाचे दिवस मोजायचे, खाडे वजा करायचे आणि ठरलेल्या तारखेला रक्कम चुकती करायची. आता त्याच्या शेजारी नवे खाते उघडू पाहत आहे, क्रेडिट कार्डाचे. ‘खर्च करा, पॉइंट मिळवा’ असे ते सांगते. हे पॉइंट कोण देतो, कोठून देतो आणि त्यांचा खरा लाभ विद्यार्थ्याला कसा घेता येईल, हा आजच्या धाग्याचा विषय. उत्तरासाठी मात्र दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

३/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदला गेला. त्यात माणसे मारण्यावर भर नव्हता. रोख होता तो खते आणि वह्यांवर. शेतकऱ्यांनी कर्जाचे कागद मागून घेतले आणि जाळले. ज्या हिशेबात आपण बुडालो तो आपल्याला वाचता येत नाही, हे त्यांचे दुःख होते.

४/ हे कर्ज वाढले कसे? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद पडल्याने इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने उधार दिले. युद्ध संपले, भाव पडले आणि तीच उधारी गळ्याशी आली. पत स्वस्त असताना घेतलेले कर्ज महाग दिवसांत फेडावे लागते, हा त्या दशकाचा धडा.

५/ आपल्याकडे दामदुपटाचा जुना नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. परंतु त्यातून पळवाट निघाली. जुने खत रद्द करायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि एकत्रित रकमेचे नवे खत लिहून घ्यायचे. व्याजच मुद्दल झाले की दामदुपटाची मर्यादा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढे ती वेगळ्या वेषात भेटणार आहे.

६/ दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, अहमदनगर आणि सोलापूर यांच्यासह सातारा जिल्हाही त्याच्या कक्षेत होता. सांगली हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान, म्हणून कारभार वेगळा. परंतु आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा हे तालुके साताऱ्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

७/ या कायद्यातील दोन तरतुदी आपल्या विषयाला थेट भिडतात. न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. आणि ऋणकोला पावती, वर्षाचे हिशेबपत्रक व पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. आज कार्डधारकाला दरमहा येणारे विवरणपत्र हे त्याच हक्काचे दूरचे वंशज म्हणता येईल. ज्या कागदासाठी लोकांना उठाव करावा लागला, तो न वाचता बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही.

८/ पुढचा टप्पा सहकाराचा. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९१२ च्या कायद्याने ग्राहक संस्थांनाही वाट मोकळी झाली. १९१६ साली सांगली बँक स्थापन झाली. ती सहकारी नव्हती, पण येथील व्यापाराला गावातूनच पतपुरवठा करणारे घर तयार झाले. २००७ साली ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. गावची पेढी ते देशव्यापी बँक, हा प्रवास सांगलीने नव्वद वर्षांत पाहिला.

९/ मग खरेदीवर बक्षीस देण्याची कल्पना कोठली? तिचे एक महत्त्वाचे मूळ इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात आहे. १८४४ साली तेथील कामगारांनी सहकारी दुकान काढले. नफा वाटताना कोणाचे भांडवल किती हे न पाहता, कोणी किती खरेदी केली हे पाहायचे, असा त्यांचा नियम. जितकी खरेदी, तितका लाभांश. आजच्या पॉइंटचे हे पूर्वरूपच होय.

१०/ मात्र त्या दुकानाचा दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा होता : उधारी नाही, व्यवहार रोखीनेच. बक्षीस होते, पण कर्जाला जोडलेले नव्हते. आणि ते सभासदांच्याच पैशातून सभासदांनाच परत मिळे. मुंबईत १९४८ साली सुरू झालेल्या अपना बाजारसारख्या संस्थांमागेही हाच ग्राहक सहकाराचा विचार होता.

११/ बक्षीस आणि कर्ज यांची गाठ विसाव्या शतकात अमेरिकेत बांधली गेली. १९५० साली डायनर्स क्लब आले. त्यात महिनाअखेर सारी रक्कम भरावी लागे. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे न मागता टपालाने घरोघर पाठवली. येथे नवी सोय होती : थोडे भरा, उरलेले पुढे ढकला, त्यावर व्याज द्या. खत दरमहा नवे करण्याची जुनी रीत प्लास्टिकवर उतरली.

१२/ बक्षीस त्यानंतर आले. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर लाभ देणारी योजना काढली. १९८६ साली डिस्कव्हर कार्डाने खर्चाचा काही भाग रोख परत देण्यास आरंभ केला. याच लाटेत महाविद्यालयांच्या आवारात भेटवस्तू देऊन विद्यार्थ्यांना कार्डे वाटली जाऊ लागली. ते इतके वाढले की २००९ च्या कायद्याने अमेरिकेला असल्या भेटींवर निर्बंध आणावे लागले. एकवीस वर्षांखालील अर्जदाराला स्वतःचे उत्पन्न किंवा जबाबदारी घेणारी प्रौढ व्यक्ती दाखवणे आवश्यक झाले.

१३/ भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. पतविषयक माहिती गोळा करणारी सिबिल २००० साली स्थापन झाली. आणि २०२२ साली रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्यास मुभा दिली. त्यामुळे दुकानातला क्यूआर संकेत स्कॅन करून वहीची वा झेरॉक्सची खरेदीही उधारीवर करणे शक्य झाले. सोय मोठी आहे. पण पैसा हातातून जाताना जो लहानसा चिमटा बसतो, तो आता बसत नाही.

१४/ आता मूळ प्रश्न : पॉइंटचा पैसा येतो कोठून? तीन झऱ्यांतून. दुकानदार प्रत्येक कार्डव्यवहारावर जे शुल्क सोसतो, त्यातून. कार्डाच्या वार्षिक शुल्कातून. आणि जे वेळेवर पूर्ण रक्कम भरत नाहीत त्यांच्या व्याज-दंडातून. रॉचडेलमध्ये सर्वांच्या नफ्यातून सर्वांना वाटा मिळे. येथे चुकणाऱ्याच्या खिशातून सावधाला वाटा मिळतो. विद्यार्थ्याने आपण कोणत्या बाजूला आहोत हे आधी ठरवावे.

१५/ एक साधा हिशेब मांडू. महिन्याला ६,००० रुपये खर्च आणि १ टक्का परतावा धरला तर महिन्याला ६० रुपये, वर्षाला ७२० रुपये मिळतील. कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटीसह ते ५८९ होते. हाती उरले १३१ रुपये. म्हणून विद्यार्थ्यासाठी पहिला नियम : कार्ड आजीवन विनाशुल्क असावे. भारी कार्डाचे भारी लाभ मोठ्या खर्चासाठी असतात.

१६/ आता चुकीचा महिना पाहू. ६,००० च्या देयकापैकी ‘किमान रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये भरले. उरले ५,७००. अनेक कार्डांवर व्याज दरमहा ३ ते ३.७५ टक्के असते. ३.५ टक्के धरले तरी एका महिन्याचे व्याज सुमारे २०० आणि त्यावरील जीएसटी धरून सुमारे २३५ रुपये. चार महिन्यांची कमाई एका महिन्यात गेली. शिवाय थकबाकी असेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज धावते.

१७/ दरमहा ३.५ टक्के म्हणजे सरळव्याजाने वर्षाला ४२ टक्के. या दराने साधारण २९ महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते. दामदुपटाच्या भरवशावर मात्र कोणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मर्यादा आता ज्याने त्याने स्वतःच घालायची आहे.

१८/ मग अधिकाधिक लाभ घ्यावा कसा? जो खर्च कार्ड नसतानाही झालाच असता, तोच कार्डावर करावा : पुस्तके, रेल्वेचे तिकीट, इंटरनेटचे देयक. खात्यात तेवढे पैसे आधीच असावेत. देयकाची पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. किमान रकमेची नव्हे. पॉइंटसाठी एक रुपयाही अधिक खर्च करणे म्हणजे शंभराच्या मागे एक मिळवून नव्याण्णव गमावणे.

१९/ पॉइंटची किंमत रुपयांत काढून पाहावी. एक पॉइंट म्हणजे एक रुपया असेलच असे नाही. अनेक ठिकाणी तो २०–२५ पैशांचा भरतो. पॉइंट मुदतीने बाद होतात, वापरताना कधी शुल्क लागते आणि नियम बदलू शकतात. इंधन, भाडे, वॉलेटमधील भरणा यांवर बहुधा पॉइंट नसतात. काही वेळा शैक्षणिक शुल्कावरही नाहीत. म्हणून थेट रोख परतावा देणारे साधे कार्ड विद्यार्थ्याला अधिक सोयीचे. एटीएममधून कार्डावर रोख काढू नये. तिथे शुल्क व व्याज लगेच सुरू होते.

२०/ उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला कार्ड मिळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड. मर्यादा ठेवीच्या आत राहते. दुसरा, आई-वडिलांच्या कार्डावर पूरक कार्ड; त्याची देणी मूळ कार्डधारकाच्या माथी येतात. स्वतःचा करार करण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. पहिला मार्ग अधिक शिकवणारा आहे, कारण तेथे पत स्वतःच्या नावाने उभी राहते आणि चुकीला सीमा असते.

२१/ हक्कही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. थकलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. जुन्या खताच्या युक्तीला घातलेला हा एक बांधच. देणी चुकती असतील तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली पाहिजे. अन्यथा दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून वाचावा.

२२/ मराठीत ‘पत’ या शब्दाला पैशाइतकाच अब्रूचाही अर्थ आहे. पदवीनंतर घर, वाहन, उच्च शिक्षण यांसाठी कर्ज मागताना बँक हाच मागील हिशेब उघडून पाहते. वर्षाला ७२० रुपयांचा परतावा ही लहान गोष्ट. पण तीन-चार वर्षे प्रत्येक देयक वेळेवर, पूर्ण भरल्याची नोंद ही मोठी गोष्ट, आणि ती कोणत्याही पॉइंटने विकत मिळत नाही. कार्डाचे खरे बक्षीस हेच.

२३/ १८७५ च्या शेतकऱ्याला आपला हिशेब वाचता येत नव्हता, म्हणून त्याने वही जाळली. विश्रामबागेत शिकणाऱ्या मुलामुलींना तो वाचता येतो. महिन्याच्या विवरणपत्रावर दहा मिनिटे द्यावीत : खरेदी आपलीच आहे ना, शुल्क कसले लागले, शेवटची तारीख कोणती. एवढे केले तर उधारी आपल्या उपयोगी पडते; नाही केले तर आपण तिच्या.

धागा समाप्त. घरात कोणी यंदा महाविद्यालयात जात असेल, तर त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवावा.