नाणेघाटातला मुक्काम

ट्रेकिंग हा शब्द आमच्या पिढीच्या कानावर जरा उशिराच आला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पाठीला पिशव्या अडकवून डोंगर गाठायचा आणि रविवारी रात्री घरी परतायचे, याला आम्ही नुसते 'भटकायला जाणे' म्हणत असू. १९७४ च्या डिसेंबरात आम्ही पाच शिक्षक असेच नाणेघाटात गेलो होतो. कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे वैशाखरे आणि तिथून पायी चढण. आता पुतण्या आणि त्याची मित्रमंडळी तंबू घेऊन तिकडे जातात. फोटोही पाठवतात. पण गुहेचा फोटो त्यांत एकसुद्धा नसतो! म्हणून हे लिहायला घेतले.

कोकणातून जुन्नरकडे चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळातली. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून इथून वर जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा. कातळात खोदलेल्या पायऱ्या जागोजाग दिसतात. वर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. खरेखोटे तो रांजणच जाणे. माथ्याच्या अलीकडे, खिंडीच्या तोंडाशी ती गुहा आहे. साधी चौकोनी, तिन्ही भिंतींना लागून बसायला ओटे. चढून दमलेल्या माणसाने टेकावे म्हणूनच केलेली असावी. आम्हीही त्याच ओट्यांवर पथारी पसरली.

पण धर्मशाळेच्या भिंतींवर कुणी राजघराण्याचा हिशेब कोरतो का? इथे कोरला आहे. डावीकडे दहा आणि उजवीकडे दहा, अशा ब्राह्मी लिपीतल्या वीस ओळी. भाषा प्राकृत, काळ साधारण इ.स.पूर्व पहिले शतक. राणी नागनिका आणि तिचा पती सातकर्णी यांनी केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे. अश्वमेध दोनदा, राजसूय, आणखी कितीतरी. एका यज्ञाची दक्षिणा म्हणून १०,००१ गायी, कुठे ११०१ गायी, शिवाय घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी. सुरुवातीच्या वंदनात इंद्राबरोबर संकर्षण आणि वासुदेव यांचीही नावे आहेत, चंद्र-सूर्य आहेत, चार लोकपाल आहेत. पतीच्या मागे राणीने महिनामहिना उपास केले, घरात राहून तपस्विनीसारखे आयुष्य काढले, असेही त्यात आले आहे. बायकांविषयी जुन्या लेखांत एवढे सविस्तर फारसे सापडत नाही.

माझ्या मते जागा अगदी विचार करून निवडलेली आहे. यज्ञ जिथे झाले तिथे हा लेख कोरला असता, तर आधीच ठाऊक असलेल्यांनीच तो वाचला असता. घाटात मात्र परगावचा प्रत्येक व्यापारी थांबणार, घाम पुसणार आणि वर बघणार. सरकारी जाहिरातीचा फलक आजही आपण टोलनाक्यापाशीच लावतो की!

कर्नल साईक्स यांनी १८२८ च्या सुमारास हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्यातल्या अंकांचा उलगडा करण्याचे मोठे श्रेय जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजींचे. पुढे १८८३ मध्ये ब्यूलर यांनी पूर्ण वाचन प्रसिद्ध केले. आमच्यातले गणिताचे सर त्या अंकांपुढे कंदील घेऊन बराच वेळ उभे होते. यात शून्य नाही, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. दहा हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला दहाची खूण जोडायची. 'पोरांना स्थानिक किंमत शिकवताना हे दाखवायला हवे होते,' असे ते दोनदा म्हणाले.

भिंतीवर त्याही वेळी कोळशाने लिहिलेली नावे होतीच. आमच्यातल्या एकाने गमतीने चुलीतला कोळसा उचलला, तेव्हा सर असे काही ओरडले की तो सबंध वर्गापुढे उभा आहे असे वाटले. चूलही त्यांनी गुहेत मांडू दिली नव्हती, बाहेर वाऱ्यात पिठले करायला लावले. वारा इतका, की पिठल्यात राख किती आणि बेसन किती ते कळेना. तेव्हा मला हा जरा अतिरेकच वाटला होता. आता ही गुहा पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, पण पाटी लावून माणूस सुधारतोच असे नाही.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वर ज्याची त्याची नावे कोरलेली आहेत : सिमुक सातवाहन, मग नागनिका आणि सातकर्णी यांची नावे एकत्र, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. राजाच्या आधी राणीचे नाव आहे हे मुद्दाम बघावे. कुमार भाय आणि महारठी यांच्या मधे आणखी एक जण उभा होता. त्याच्या नावाचा दगड निघून गेला आहे आणि तो कोण होता, हे आता कुणालाच सांगता येत नाही.