जुने दावे, नवी व्यवस्था : ‘युनिव्हर्सल क्रेडिट’कडे झालेल्या स्थलांतराचा इतिहास

‘स्थलांतर’ हा शब्द आम्हा परदेशस्थांच्या चांगल्या ओळखीचा आहे. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधील लक्षावधी कुटुंबांना तो सरकारी पत्रात वाचावा लागला. पत्राचे नावच ‘मायग्रेशन नोटीस’. या कुटुंबांना देश बदलायचा नव्हता की घर. बदलायची होती ती सरकारी साहाय्य मिळण्याची व्यवस्था. हा बदल घडवून आणण्याची जबाबदारी कोणाची, शासनाची की लाभार्थ्याची? प्रश्न वरवर कारकुनी वाटतो; इतिहास पाहिला की तो हक्काचा असल्याचे ध्यानात येते.

१८३४च्या दारिद्र्य कायद्याने मदतीला वर्कहाउसशी जोडले. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी कमावणाऱ्या मजुरापेक्षाही हलकी राहावी, हे त्यामागचे तत्त्व होते. डिसेंबर १९४२मध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या अहवालाने निराळा मार्ग दाखवला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय विमा व राष्ट्रीय साहाय्य या योजना सुरू होऊन जुना दारिद्र्य कायदा संपुष्टात आला. बेव्हरिज १९१९ ते १९३७ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. बाबासाहेबांनी तेथून १९२१मध्ये एम.एस्सी. आणि १९२३मध्ये डी.एस्सी. मिळवली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

पुढील सहा दशकांत या इमारतीला अनेक दालने जोडली गेली. १९८८मध्ये इन्कम सपोर्ट, १९९६मध्ये बेकारांसाठी जॉबसीकर्स अलाउन्स, २००३मध्ये टॅक्स क्रेडिट, २००८मध्ये आजारी व अपंगांसाठी एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स. घरभाड्याची मदत नगरपालिका देत, टॅक्स क्रेडिट करखाते देई आणि उरलेले भत्ते निवृत्तिवेतन खात्याकडे असत. एकाच कुटुंबाला तीन दारे ठोठवावी लागत. ती एक करावीत, हा विचार मुळात वावगा नव्हता.

२०१२च्या कायद्याने उत्पन्नावर आधारित सहा मदती ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये एकत्र केल्या. एप्रिल २०१३मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथे पहिले अर्ज घेतले गेले. २०१७पर्यंत सर्व काम पूर्ण होईल असा अंदाज होता. तो फार चुकला. दरम्यान ज्यांची परिस्थिती बदले, त्यांना आपोआपच नव्या व्यवस्थेत जावे लागे. तीव्र अपंगत्व असलेले दोन दावेदार घर बदलून दुसऱ्या नगरपालिकेच्या हद्दीत गेले आणि तेवढ्याने त्यांचा जादा भत्ता गेला. २०१८मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला.

उरलेल्यांना हलवण्याचा प्रयोग जुलै २०१९मध्ये हॅरोगेट येथे सुरू झाला, महामारीमुळे थांबला आणि मे २०२२मध्ये बोल्टन व मेडवे येथून पुन्हा चालू झाला. रीत अशी : पत्र येई, तीन महिन्यांच्या आत स्वतः नवा अर्ज करायचा, तोही बहुधा ऑनलाइन, न केल्यास जुनी मदत बंद. मुदतीत अर्ज करणाऱ्याची रक्कम कमी होत असल्यास फरक भरून देणारे ‘संक्रमणकालीन संरक्षण’ मिळे. मात्र ते कायमचे नव्हते. इतर घटकांची रक्कम वाढली की ते त्या प्रमाणात आटत जाई. पहिला हप्ता हाती येण्यास साधारण पाच आठवडे लागत. त्या काळासाठी मिळणारी उचल म्हणजे कर्जच. ती पुढील हप्त्यांतून वळती होई.

या कुटुंबांची माहिती शासनाजवळ होतीच, तरीही दावा आपोआप वर्ग झाला नाही. तसे करणे अशक्य होते म्हणावे, तर २०१०नंतर इन्कपॅसिटी बेनिफिट घेणाऱ्यांना नव्या भत्त्याकडे नेताना त्यांच्याकडून नवा दावा मागितला गेला नव्हता. त्यांची वैद्यकीय फेरतपासणी झाली, तिच्यावर कठोर टीकाही झाली. पण दाव्याचे रूपांतर खात्यानेच केले. युनिव्हर्सल क्रेडिटच्या वेळी ते ओझे लाभार्थ्याच्या खांद्यावर आले. ५ एप्रिल २०२५ रोजी टॅक्स क्रेडिट कायमचे बंद झाले. तोवर पत्र मिळूनही अर्ज न केलेल्यांची संख्या लक्षणीय होती. त्यांतील काहींना मदतीची गरज उरली नसेल. पण ज्यांना पत्र उलगडले नाही, संगणक हाताळता आला नाही किंवा आजारपणात मुदत टळली, तेही त्याच रकान्यात मोजले गेले.

आमच्यापैकी अनेकांच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ ही अट असते, म्हणून हा विषय परका वाटू शकतो. परंतु कायम वास्तव्य मिळालेली, अल्प वेतनावर राबणारी, अपंग मुलाचा सांभाळ करणारी कुटुंबे आपल्यातही आहेत, आणि त्यांतील काहींना इंग्रजी पत्र म्हणजे आजही भिंत आहे. कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्ष हाती पडलेला हक्क यांतील अंतर आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ते अंतर एखाद्या टपाली लिफाफ्याएवढेही असू शकते. म्हणून विहारात, मंडळाच्या बैठकीत किंवा शेजारी असे पत्र कोणाकडे आले तर ते सोबत बसून वाचावे, त्यावरील तारीख प्रथम पाहावी आणि मुदतीच्या आत अर्ज झाला याची खात्री करून घ्यावी.